व्हीलचेअर मिळाली, तिचे बेअरिंग कोण बदलणार?

मा. संपादक,
सादर नमस्कार वि. वि.

दिव्यांगांसाठीच्या सरकारी योजनांची बातमी सहसा दोन वेळा येते. एकदा साहित्यवाटपाचा कार्यक्रम होतो तेव्हा, आणि एकदा अनुदान थकते तेव्हा. मधल्या दिवसांत ही मदत घरात काय काम करते आणि कशामुळे अडून बसते, ते लोकांसमोर यावे म्हणून हे पत्र. आम्ही पुण्यात भौतिकोपचार (फिजिओथेरपी), व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी), श्रवणयंत्रे आणि कृत्रिम अवयव या कामांत आहोत. हा पैसा कुठे पोचतो ते आम्हाला रोज दिसते. त्यातून माणूस स्वतःच्या हाताने अंघोळ करतो, मूल वर्गात बाईंचा आवाज ऐकते, पाय गमावलेला फळवाला पुन्हा आपल्या गाडीमागे उभा राहतो. आमची मागणी एवढीच आहे की, वस्तू हातात देऊन हा पैसा थांबू नये. वस्तूचे माप, तिची दुरुस्ती आणि तिचे सुटे भाग हाही मदतीचाच हिस्सा धरावा.

कमरेखालची शक्ती आणि संवेदना गेलेल्या माणसाची सकाळ घ्या. पलंग गादीसकट साधारण १९-२० इंच उंच आहे, व्हीलचेअरची बैठकही तेवढ्याच उंचीवर आहे, आणि दोन्हींच्या मध्ये टेकवायला दोन-अडीच फूट लांब, आठ-नऊ इंच रुंद, गुळगुळीत घासलेली फळी आहे. एवढे जमले तर हातांत ताकद असलेला माणूस कुणालाही हाक न मारता पलंगावरून खुर्चीत सरकतो. मात्र खुर्चीचे हात काढता येणारे हवेत, नाहीतर फळी टेकवायला जागाच राहत नाही. वाटपात येणाऱ्या अनेक खुर्च्यांचे हात पक्के वेल्ड केलेले असतात. मग काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून दोघांनी उचलायचे. ती दोघे सकाळी आठला कामावर निघाली की संध्याकाळपर्यंत माणूस पलंगावरच. उचलणारी बहुतेक घरांत आई किंवा बायको असते, आणि काही वर्षांत तिची कंबरही आमच्याकडे उपचाराला येते. हात सुटणारी खुर्ची थोडी महाग पडते हे खरे, पण तो फरक एकदाच द्यावा लागतो.

मापाचेही तसेच. माणसाला कडक बाकावर बसवून नितंबांचा सर्वांत रुंद भाग मोजायचा. सीट त्याहून फार तर इंचभर रुंद हवी. सरसकट वाटली जाणारी खुर्ची बहुधा १८ इंची असते. चौदा इंच माप असलेल्या बाईला ती दिली की ती एका बाजूला कलून बसते, कण्याला बाक येऊ लागतो, आणि चाकापर्यंत हात पोचवताना कोपरे फाकवावी लागल्यामुळे खांदे धरतात. पाय गेल्यावर खांदे हेच त्या माणसाचे पाय असतात, हे मोजमाप करणाऱ्याने विसरू नये. सीटची खोली अशी हवी की पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्याची खोबण आणि सीटची कड यांत दोन बोटे मावावीत. सीट त्याहून खोल असली की माणूस पुढे घसरत राहतो. पाय ठेवायची फळी जमिनीपासून निदान दोन इंच वर असावी, पण इतकीही वर नको की मांडी सीटवरून उचलली जाईल, कारण मग सगळा भार बसायच्या हाडांवर येतो. पाठीची उंची धरून ही चार मापे झाली. ती घ्यायला एक टेप आणि पंधरा मिनिटे लागतात.

सर्वांत जास्त हानी उशी नसल्यामुळे होते. रेक्झिनची सीट काही महिन्यांत झोळीसारखी खाली बसते आणि दोन्ही बाजूंची हाडे आत रुततात. संवेदना असलेला माणूस नकळत चुळबुळ करतो. मज्जारज्जूला इजा झालेल्याला टोचतच नाही, म्हणून तो तासन्‌तास तसाच बसून राहतो. त्वचेवर लाल डाग उमटतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो क्षणभर पांढरा पडला नाही, तर आतले मांस दुखावले गेले असे समजून त्या जागेवरचा भार ताबडतोब बंद करायला हवा. तसे झाले नाही की हाडापर्यंत खड्डा पडतो, आणि मग महिनोन्‌महिने पालथे झोपणे, ड्रेसिंग, कधी शस्त्रक्रिया. तीन-चार इंच जाडीची, घट्ट फोमची उशी यातले बरेच काही टाळते. ती कामाची उरली आहे का, हे घरीच पाहता येते. माणूस बसलेला असताना उशीखाली तळवा वर करून हात सरकवा. हाड हाताला टेकल्यासारखे लागले, मध्ये इंचभरही फोम जाणवला नाही, तर उशी संपली. रोज वापरातला साधा फोम वर्ष-दोन वर्षांत बसतो. उशी कितीही चांगली असली तरी दर वीस ते तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा एकेका बाजूला कलून भार उतरवायचा, आणि तसे मिनिट-दोन मिनिटे राहायचे. हातांवर जोर देऊन क्षणभर उठण्याचा उपयोग कमी, कारण रक्त पुन्हा खेळायला तेवढा वेळ पुरत नाही. खुर्चीबरोबर उशी आणि हे शिकवणारा माणूस, दोन्ही मिळायला हवेत. एका खोल जखमेच्या उपचाराला सरकारी रुग्णालयात जो खर्च होतो, त्यात अशा उशा ढिगाने आल्या असत्या.

घरात खुर्ची अडते ती न्हाणीघराशी. अठरा इंची सीटच्या खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी पंचवीस-सव्वीस इंच भरते. पेठांतल्या जुन्या घरांत आणि वस्त्यांत न्हाणीचे दार दोन फुटांचेही असते. अशा घरात छोट्या चाकांची, एकवीस-बावीस इंचांत बसणारी कमोड खुर्ची द्यावी लागते, आणि ती घराचे दार मोजल्याशिवाय कळत नाही. दार बाहेर उघडणारे करून घ्यावे. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते. आधाराचा दांडा सव्वा ते दीड इंच जाडीचा, जमिनीपासून अठ्ठावीस ते तीस इंचांवर, विटेत खोल बोल्ट घालून बसवावा. नुसत्या टाइलला धरलेला दांडा वजन पडताच उपटून येतो. उताराचा हिशेब सोपा आहे. जेवढे इंच चढायचे तेवढे फूट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. सोसायट्यांत दीड फूट जोत्याला चार फुटांचा उतार ओतून ठेवलेला दिसतो. त्यावरून खुर्ची चढवताना मागे उलटते. जिथे असा उतार आहे तिथे निदान उतरताना तरी खुर्ची उलटी, पाठ खालच्या बाजूला करून, मागे सोबती धरून उतरवावी.

आता दुरुस्ती. व्हीलचेअरची पुढची छोटी चाके सर्वांत आधी जातात. त्यांत केस गुंततात, चिखल बसतो, पावसाळ्यात बेअरिंग गंजते, आणि चाक फिरायचे थांबून फरफटत जाते. अनेक खुर्च्यांच्या पुढच्या चाकांत ६०८ नंबरचे बेअरिंग असते: आतले भोक ८ मि.मी., बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हार्डवेअरच्या दुकानात ते सहज मिळते आणि बदलायला दोन पाने (स्पॅनर) पुरतात. मागची चाके हवेची असतील तर बहुधा २४ इंचांची, सायकलच्या टायर-ट्यूबच्या मापाची. सायकलींचे शहर म्हणून नाव असलेल्या पुण्यात ते काम कोपऱ्यावरचा कारागीरही करू शकतो. पण हे नंबर घरच्यांना कुणी सांगितलेले नसतात. त्यामुळे चांगल्या चौकटीची खुर्ची शे-दोनशे रुपयांच्या भागासाठी जिन्याखाली जाते. ब्रेकचेही असेच. टायर झिजला की ब्रेकचा ठोकळा टायरला टेकत नाही, खुर्ची सरकते, आणि पलंगावरून खुर्चीत येताना माणूस मधल्या मध्ये पडतो. ठोकळ्याचा बोल्ट सैल करून तो अर्धा इंच पुढे घेतला की काम होते. महिन्यातून एकदा हवा, ब्रेक, पुढच्या चाकांतले केस आणि घडीच्या फुलीचा, म्हणजे सीटखालच्या आडव्या-तिडव्या दांड्यांचा, नट पाहायचा, एवढी सवय घरच्यांना लावली तर खुर्ची पुष्कळ वर्षे टिकते.

साहित्य मिळते ते मुख्यतः केंद्र सरकारच्या अॅडिप योजनेतून. ती १९८१ पासून चालू आहे, आणि बरेचसे साहित्य कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याचे असते. दरमहा २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण खर्च मिळतो, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्मा. ही मर्यादा बऱ्यापैकी उदार आहे आणि ती योजना गरिबांपर्यंत पोचतेही, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. अडचण दुसरीकडे आहे. आधी तपासणी शिबिर होते, मग वाटपाचे शिबिर, आणि मध्ये महिने जातात. वाढत्या वयाच्या मुलाचे त्या महिन्यांत माप बदलते. वाटपाच्या दिवशी रांग मोठी, मंडप छोटा, आणि खुर्चीत बसवून पाहायला कुणाला उसंत नसते. एकदा वस्तू घेतली की त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा मदत मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. नियम म्हणून तो गैर नाही, पण चुकीच्या मापाची खुर्ची मिळालेल्यासाठी तो तीन वर्षांचा त्रास ठरतो. म्हणून तक्रार करायची तर खुर्ची घरी नेण्याआधी, तिथेच बसून पाहून करा. पोचपावतीवर सही करण्यापूर्वी वरची चार मापे तपासा.

तीनचाकीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथे पैसा मोठा आहे. बॅटरीवरची तीनचाकी माणसाला कामावर नेते. भाजी, लॉटरी, मोबाइल दुरुस्ती असे धंदे तिच्यावर उभे राहतात. पण पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीसारख्या जागी गल्ली तीन फुटांची आणि तीही पायऱ्यांची असेल, तर तीनचाकी घरापर्यंत जात नाही. ती खाली रस्त्यावर लावावी लागते, तिथे चार्जिंगला प्लग नाही, आणि बॅटरी चोरीला जाते. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा की ती उतरलेली ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर थर बसतो आणि मग ती भार धरत नाही. पावसाळ्यात दोन महिने गाडी बाहेर काढली नाही, आणि एकदाही चार्ज केली नाही, की दसऱ्याला गाडी हलत नाही. वापर असो-नसो, पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण चार्ज करायचीच. नव्या बॅटऱ्यांचा खर्च सहसा घरच्यांवर येतो, आणि तिथेच बऱ्याच गाड्या कायमच्या थांबतात. तीनचाकी मंजूर करण्यापूर्वी कुणीतरी घरी जाऊन गल्ली मोजावी आणि प्लग कुठे आहे ते पाहावे. जिथे ती जात नाही तिथे हलकी, घडीची खुर्ची जास्त उपयोगाची.

कृत्रिम पायाच्या बाबतीत पुणे भाग्यवान आहे. वानवडीचे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे आणि या कामाची जाण शहरात खोलवर रुजली आहे. तरीही एक गोष्ट रुग्णाला वेळेवर सांगितली जात नाही. गुडघ्याखाली पाय कापल्यावर उरलेला भाग, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, पहिल्या सहा ते बारा महिन्यांत बराच आटतो. त्यामुळे पहिले सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो पेला, ढिले होणारच. यात कुणाची चूक नाही. आधी स्टंपवर मोजे वाढवायचे: एकपदरी, तीनपदरी, पाचपदरी. सकाळी एक आणि दुपारी दोन लागले तरी चालते. दहाच्या आसपास पदर होऊ लागले की मात्र सॉकेट बदलण्याची वेळ आली. हे ठाऊक नसलेला माणूस आत जुने फडके कोंबतो. फडक्याची घडी त्वचेला घासते, फोड येतो, आणि मधुमेह असेल तर त्या फोडातून आणखी वरून कापण्याची पाळी येते. मोजे ही किरकोळ वस्तू आहे. पायाबरोबर सहा मोजे आणि वर्षभराने दुसरे सॉकेट हे मंजुरीतच धरले पाहिजे, कारण ते लागणार हे पहिल्या दिवशीच माहीत असते.

श्रवणयंत्राचा प्रश्न कानातल्या मोल्डचा, म्हणजे कानाच्या मापाने केलेल्या बोंडाचा, आणि सेलचा. लहान मुलाचा कान वाढतो, मोल्ड सैल होतो, आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा यंत्रात शिरतो आणि यंत्र शिटी वाजवते. वर्गात मुले वळून पाहतात, म्हणून मूल यंत्र दप्तरात टाकते. आपल्याला वाटते मूल ऐकत नाही. लहान मुलांचा मोल्ड दर तीन ते सहा महिन्यांनी नवा लागतो. सेल १३ किंवा ६७५ नंबरचे असतात आणि यंत्राच्या ताकदीप्रमाणे आठवडा ते तीन आठवडे चालतात. त्यावरचा स्टिकर काढला की हवा आत जाऊन सेल सुरू होतो, आणि स्टिकर पुन्हा लावला तरी तो थांबत नाही. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग यंत्रात घातला तर तो जास्त टिकतो. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये मोल्डच्या नळीत पाण्याचे थेंब साचून आवाज बंद होतो, आणि घरच्यांना वाटते यंत्रच गेले. नळी काढून फुंकली की बऱ्याचदा ते पुन्हा बोलू लागते.

कागदांकडे येतो. सगळ्याची किल्ली यूडीआयडी, म्हणजेच दिव्यांगांचे ओळखपत्र असलेले स्वावलंबन कार्ड. अर्ज ऑनलाइन करून ससून किंवा औंधचे जिल्हा रुग्णालय यांसारख्या ठिकाणी तपासणीला जावे लागते. कार्डावर पांढरा पट्टा म्हणजे ४० टक्क्यांखाली, पिवळा म्हणजे ४० ते ८०, निळा म्हणजे ८० आणि वर. बहुतेक योजना ४० पासून सुरू होतात. दोन प्रकारचे दिव्यांगत्व असेल तर टक्के सरळ बेरजेने येत नाहीत. मोठा आकडा अ आणि लहान ब धरला, तर सूत्र असे: अ अधिक, ब गुणिले (९० वजा अ) भागिले ९०. चाळीस आणि तीसचे सत्तर होत नाहीत, सुमारे सत्तावन्न होतात. डॉक्टरांनी टक्के कमी लावले असा गैरसमज यातूनच होतो. खरी अडवणूक होते ती नावाची. आधारवर माहेरचे नाव, जुन्या दाखल्यावर सासरचे, बँकेत तिसरेच. अर्ज करण्यापूर्वी तिन्ही सारखी करून घ्या आणि आधारला चालू मोबाइल जोडा. मुलांना पुष्कळदा मुदतीचा दाखला मिळतो. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी नव्याने अर्ज केला नाही, तर पास, अनुदान, शाळेतल्या सवलती एकदम बंद पडतात. आणि कार्ड हाती आले म्हणजे योजना सुरू झाली असे नसते. प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा.

दरमहा हातात येणारी रक्कम म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. राज्याने २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती १,५०० वरून २,५०० रुपये केली. वय ६५ झाल्यावर हीच मदत श्रावणबाळ योजनेतून चालू राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २४ सांगते की, इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मदत असावी. ही वाढ त्या कायद्याला धरून आहे आणि आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. या पैशाने काय होते ते पाहा. लघवीवर ताबा नसलेल्या माणसाला दिवसाला दोन डायपर, एकाला तीस रुपये धरले तरी महिन्याला १,८०० होतात. म्हणजे वाढीपूर्वी अनुदान यालाच पुरत नव्हते. आता त्यातून ७०० उरतात आणि भौतिकोपचाराला यायची रिक्षा निघते. पण उत्पन्नाची अट दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,००० रुपये कुटुंबाची आहे. महिन्याला ४,१६६. घरात कुणी एकाने दोन-तीन घरची धुणीभांडी केली तरी ती ओलांडते. डायपर, सेल, कॅथेटर (लघवीची नळी) यांचा खर्च उत्पन्न वाढले म्हणून कमी होत नाही. अॅडिपला २२,५०० महिना चालतात आणि इथे ४,१६६, यात काहीतरी मेळ घालायला हवा.

अनुदान अचानक थांबले असे वाटले तर आधी बँक पाहा. पैसे थेट जमा होतात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि तिथे आधार जोडले, की पैसे निमूट तिकडे जातात आणि जुने पासबुक कोरे राहते. दुसरे कारण हयातीच्या पडताळणीचे. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचे किंवा हात आखडलेल्यांचे ठसे यंत्र घेत नाही. तिथे डोळ्यांची बुबुळे किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालवून घ्यावा, आणि पलंगावर असलेल्यांकडे कर्मचाऱ्याने घरी जावे.

मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय विमा आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी कोणतीही वैद्यकीय तपासणी न करता. रुग्णालयात दाखल न होता घेतलेली थेरपीही त्यात बसते, हे बऱ्याच पालकांना माहीत नसते. मूल अठराचे झाले की पालकांचा कायदेशीर अधिकार आपोआप राहत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. तो वाढदिवसानंतर लगेच करावा. बँकेचे काम अडल्यावर धावपळ करायला नको.

घराबाहेर पडल्यावर पीएमपी बसचा मोफत पास, एसटीत ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत्याला निम्मे भाडे, हे सगळे रोज वापरले जाते. मेट्रोत लिफ्टने फलाटापर्यंत जाता येते आणि डब्यात पायरी नाही. स्टेशनच्या बाहेर मात्र दुचाकी अडवायला पदपथावर रोवलेले खांब खुर्चीलाही अडवतात. दोन खांबांत तीन फूट जागा ठेवली तर खुर्ची जाते. बसची फोल्डिंग फळी पदपथाला टेकण्याइतकी बस जवळ उभी राहिली तरच उपयोगी पडते, आणि हे चालकाच्या हातात असते.

महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय चर्च रोडवर, आपल्याच शहरात आहे. पुणे महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालये आहेत. या निधीतून एक दुरुस्ती-गाडी ठेवली आणि ती रोज एका कार्यालयात उभी राहिली, तर कामाच्या दिवसांच्या हिशेबाने प्रत्येक भागाची पाळी तीन आठवड्यांनी येते. दोन गाड्या असतील तर दीड आठवड्याने. गाडीत एक तंत्रज्ञ, एक भौतिकोपचार किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञ, आणि ठरलेल्या दिवशी श्रवणतज्ज्ञ. सामान म्हणजे ६०८ ची बेअरिंगे, २४ इंची ट्यूब-टायर, ब्रेकचे ठोकळे, सीटचे रेक्झिन, फोम, कुबड्यांची रबरी बुटे, पांढऱ्या काठीची टोके, स्टंपचे मोजे, १३ आणि ६७५ चे सेल, मोल्डच्या नळ्या. शिवाय दोन-तीन बदली खुर्च्या हव्यातच. खुर्ची तीन दिवस दुरुस्तीला ठेवली म्हणजे माणूस तीन दिवस पलंगावर राहतो, म्हणून लोक मोडकी खुर्ची दुरुस्तीला देतच नाहीत.

आणि खरेदीच्या वेळची एक गोष्ट. खुर्ची कशी येणार हे वाटपाच्या मंडपात ठरत नाही, निविदेत ठरते. पुढच्या निविदेत एवढे लिहावे: १४, १६ आणि १८ इंच अशा तिन्ही रुंदी, हात सुटणारे, पायाची फळी वर-खाली होणारी, मागची चाके सायकलच्या ट्यूबची, प्रत्येक खुर्चीबरोबर तीन इंची फोमची उशी, दोन जादा बेअरिंगे, एक ट्यूब, दोन पाने, आणि चौकटीवर पुसला न जाणारा दुरुस्तीचा फोन नंबर.

आपले,
भौतिकोपचार, व्यवसायोपचार, श्रवण आणि कृत्रिम अवयव क्षेत्रांत काम करणारे काही पुणेकर